भोपळ्याच्या लशी

शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली गेअरबाई म्हणायची, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कुठल्या घरातलं पोर रडत बसमध्ये चढतं, कुठलं नाडी न बांधताच धावत येतं, हे तिला तोंडपाठ. नवरा गेल्यापासून घरात ती आणि भोपळ्या नावाचा पिवळट, गोलमटोल कुत्रा. वरच्या मजल्यावर थोरला भाऊ राहायचा. निवृत्त झाल्यापासून सल्ले देणे हाच त्याचा पूर्णवेळ धंदा होता.

दर वर्षी एकाच दिवशी भोपळ्याला सगळ्या लशी टोचून आणायचा बाईचा शिरस्ता होता. एका वर्षी मात्र टोचून घरी येईस्तोवर त्याचं तोंड सुजलं, डोळ्यांच्या फटी झाल्या, अंगभर गांधी उठल्या. बाईने दारातूनच रिक्षा मागे वळवली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सूज उतरली, पण बाईची भीती काही उतरेना.

भाऊ म्हणाला, आता यापुढे एकही सुई नको. समोरच्या शिंपीकाकांचं म्हणणं नेमकं उलटं, एक वर्ष चुकलं की कुत्रा गेलाच म्हणून समजा. दोघांनीही आपलं म्हणणं कुणाला कधी विचारून घेतलं नव्हतं. बाई मात्र पुढल्या वर्षीची वेळ आली तेव्हा कुत्र्याला घरी ठेवून एकटीच दवाखान्यात गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगा. भोपळ्याला दर वर्षी सगळंच लागतं का?"

डॉक्टरीणबाई हात पुसत तिच्याशेजारी बाकावर बसल्या. "सगळं नाही लागत. पण काहीच नको, असंही नाही."

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. पिल्लूपणीचे सगळे डोस आणि वर्षाने एक जादाचा डोस पुरा झाला, की डिस्टेंपर, पार्वो या जीवघेण्या साथींच्या लशी बहुतेक कुत्र्यांना तीन वर्षांनी दिल्या तरी पुरतात. रेबीजची लस कायदा आणि लशीचा प्रकार सांगेल तेव्हाच, तिथे चालढकल नाही. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची लस दर वर्षी, पण ती डबक्यात लोळणाऱ्यांना. भोपळ्या तर डबकं दिसलं की सोवळ्यातल्या माणसासारखा वळसा घालून जायचा. राहिली शंका, ती भोपळ्याला दवाखान्यात नेऊन त्याचं रक्त तपासल्यावर फिटली. त्याच्या अंगात डिस्टेंपर-पार्वोशी लढण्याची ताकद अजून भक्कम होती. त्या वर्षी त्याला फक्त रेबीजची लस दिली, आणि नंतर बराच वेळ दवाखान्यातच बसवून ठेवलं. सूज नाही की गांध नाही.

काही महिन्यांनी गल्लीत डिस्टेंपर शिरला. भटकी कुत्री पटापट पडली, मग घरातली. शेजारच्या पिल्लाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आजारी पडायच्या आदल्याच दिवशी त्याने भोपळ्याच्या भांड्यात तोंड घातलं होतं. सुई नको म्हणणारा भाऊच आता धास्तावून खाली आला. "एवढा जुगार कशाला खेळलीस?"

"जुगार नाही, दादा. विचारून, तपासून केलंय," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण रोज सकाळी भोपळ्याचं नाक हाताने चाचपल्याशिवाय तिला चहा जात नव्हता. दिवस गेले, आठवडे गेले. भोपळ्या शिंकलासुद्धा नाही. जेवणाची वेळ मात्र त्याने एकदाही चुकवली नाही.

कुणाची कुत्री गेली, हे बाईने डॉक्टरीणबाईंना विचारलं. बहुतेक ती, ज्यांचे पिल्लूपणीचे डोस अर्धवट राहिले होते किंवा जी दवाखान्याची पायरी कधी चढलीच नव्हती. हे ऐकल्यावर बाईला बसवेना. डॉक्टरीणबाईंना शाळेच्या मैदानावर यायला राजी करून ती घरोघर गेली. ज्या बाईच्या भरवशावर रोज पोरं सोडायची, तिला नाही कोण म्हणणार?

रविवारी मैदान भरून गेलं. दोरीने बांधलेली, कडेवर घेतलेली, शिंपीकाकांच्या टोपलीतून डोकावणारी कुत्री. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला हात लावून, मालकाला विचारून ठरवत होत्या. कुणाला पहिल्यापासून सुरुवात, कुणाला फक्त रेबीज. शिंपीकाकांच्या कुत्रीला तर त्यांनी नुसतं थोपटून परत पाठवलं, हिचं सगळं वेळेवर झालंय म्हणाल्या. काका आधी हिरमुसले, मग तेच सगळ्यांना ऐटीत सांगत सुटले.

त्यानंतर गल्लीतलं एकही पाळीव कुत्रं त्या आजाराने गेलं नाही. सोमवारी सकाळी बस निघाली, तेव्हा पोरं खिडक्यांतून आपापल्या कुत्र्यांची नावं ओरडत होती, आणि गप्प बसा म्हणायचं सोडून गेअरबाई प्रत्येक दारासमोर जोरात हॉर्न देत होती.