पश्चिमेला तोंड करून

आमच्या डेअरीच्या गच्चीवर मोठे आरसे आहेत. त्यांनी गोळा केलेल्या उन्हावर पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर खाली दूध तापतं. संध्याकाळी आरसे पश्चिमेला वळलेले असायचे. घरी निघण्याआधी आमचे हे एकेक आरसा पूर्वेकडे फिरवून ठेवायचे.

“सकाळी फिरवा की,” मी जिन्यातून कुरकुरायचे.

“अगं, सकाळचं पहिलं ऊन वाया जातं.”

हे गेले त्या संध्याकाळी आरसे फिरवायचं कुणालाच सुचलं नाही, नंतरही नाही. तेरावं उरकून आज कामावर आले, तर खाली दूध तापवायला लाकडं जळत होती आणि वर कोवळं ऊन आरशांच्या पाठीवर पडलं होतं. उद्याची तयारी करणाऱ्याला उद्या मिळतोच असं नाही.

मी सगळे फिरवले. पाचच मिनिटं लागली. एवढ्यासाठी मी त्यांना रोज घाई लावत होते.