सात पेट्यांचं विमान

विमान जोडताना नट हरवतात, बोल्ट हरवतात. आमचं तर एकदा अख्खं चाक हरवलं! आठ दिवस शोधलं, तेव्हा ते तुळशीच्या कुंडीखाली सापडलं. किस्सा मात्र एकही हरवत नाही. लढाईच्या आधी लोणावळ्यात आम्ही चारदोन माणसांनी जे विमान जोडलं, त्याचा आज खिळासुद्धा शिल्लक नाही. पण कुणी चहाला बसलं, की त्या पत्र्याच्या शेडमधलं काहीतरी आठवतंच. आज तुम्ही सापडलात!

*

विमान अप्पांचं. अप्पा रेल्वेचे ड्रायव्हर. हयात वाफेच्या इंजिनावर गेली. घाटात विजेची इंजिनं आली आणि अप्पा घरी बसले.

त्यांच्याशी रोज बुद्धिबळ खेळणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं हौसेनं विलायतेहून सुट्या भागांचं विमान मागवलं होतं. सात पेट्या लोणावळ्याच्या मालधक्क्यावर उतरल्या आणि त्याच आठवड्यात साहेबाची बदली झाली. जाताना म्हणाला, "अप्पा, आता तुम्हीच जोडा!"

बैलगाडीतून पेट्या दारात आल्या. अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अहो, या वयात लोक नातवंडं खेळवतात!"

अप्पा म्हणाले, "नातवंडं मुंबईला आहेत. पेट्या इथं आहेत!"

*

मी तेव्हा रेल्वेच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. म्हणून सुट्या भागांची व्यवस्था माझ्याकडे आली. पेट्या उघडल्या तर आत हजारभर बारीकसारीक वस्तू, आणि यादी अशी, की पाहूनच घाम फुटावा. मी काकूंकडून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मागून आणल्या. एका बरणीत वॉशर, एकीत स्प्लिट पिना, एकीत पाव इंची बोल्ट. वर कागदी चिठ्ठ्या. शेड गळायला लागली तेव्हा बरण्या स्वयंपाकघरातल्या फळीवर गेल्या.

एकदा स्टेशनमास्तर जेवायला आले. काकूंनी लोणचं वाढायला बरणीत चमचा घातला. खण्ण! मास्तरांच्या पानात चार वॉशर!

आम्ही सगळे गार. काकूंनी शांतपणे वॉशर उचलले आणि म्हणाल्या, "राहू द्या. अजून मुरले नाहीत."

*

स्टोअरचा नियम म्हणजे नियम. चिठ्ठीशिवाय मी खिळाही देत नसे. दोन दिवस अप्पांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली :

"विमान माझे, शेड माझी, आपण बसला आहात ते स्टूल माझे. तरी एक बोल्ट देण्याची कृपा व्हावी."

मी बोल्ट दिला. पण चिठ्ठीवर तारीख नव्हती, तेवढी घालून घेतली!

*

आमचे सुतार बाबूभाई. बैलगाडीची चाकं करण्यात मावळात त्यांचा हात धरणारा नव्हता. इंग्रजी नकाशा त्यांना वाचता येत नसे. ते लाकूड वाचायचे. अंगठा फिरवायचे, टिचकी मारायचे, कान लावायचे.

पंखाच्या बरगड्या जोडत असताना एका बरगडीशी ते थांबले. तीनदा टिचकी मारली. "अप्पा, ही आतून गेलीय."

अप्पांनी भिंग लावून पाहिलं. चीर नाही, डाग नाही. "अहो, विलायतेचं लाकूड आहे!"

"विलायतेचं असलं तरी लाकूडच की! ही बदलल्याशिवाय मी पुढं हात लावणार नाही."

अप्पा भडकले. चार दिवस दोघांचं बोलणं बंद. पाचव्या दिवशी अप्पांनी चिडून ती बरगडी गुडघ्यावर घेतली आणि जरा दाबली. पापडासारखी मोडली! आतून काळी पडलेली.

अप्पा तसेच चालत बाबूभाईंच्या घरी गेले. मी मागोमाग. बाबूभाई अंगणातच होते. साती पेट्यांच्या फळ्या चाळून त्यांनी एक बिनगाठीची फळी शोधली होती, तिची नवी बरगडीही करून ठेवली होती! नुकताच सरस लावला होता.

अप्पांनी नुसते हात जोडले.

बाबूभाई म्हणाले, "थांबा! सरस वाळेपर्यंत काहीच जोडू नका!"

*

पंखांचं कापड शिवलं ते बाबूभाईंच्या बायकोनं, हमीदाभाभींनी. भाभी अख्ख्या आळीची पोलकी शिवायच्या. खोली एवढीशी आणि कापड एवढं मोठं, की अर्धा पंख खिडकीतून बाहेर! रस्त्यावर चार शेजारणी तो धरून उभ्या राहायच्या. घरात कुकर नव्हते तेव्हा, चुलीवर कालवण टाकून बायका यायच्या. कुणाचं करपलं तरी कुणी कापड सोडलं नाही.

काम झालं. भाभींनी घडी अप्पांच्या हातात दिली आणि सवयीनं म्हणाल्या, "उसवलं तर घेऊन या. परत शिवून देईन."

अप्पा म्हणाले, "भाभी, उसवलं तर मी येणार कुठून?"

भाभींचा चेहरा उतरला. त्यांनी अप्पांच्या हातातून घडी काढून घेतली. सगळ्या शिवणी दुहेरी करून आठ दिवसांनी परत दिली.

*

पळवायला जागा हवी होती. वडिवळे गावचा शेतकरी कोंडिबा म्हणाला, "भात काडलं की माजं वावर घ्या." पण वावराच्या मधोमध बांध. पलीकडचं रान त्याच्या सख्ख्या भावाचं, आणि याच बांधापायी दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कोंडिबानं काय निरोप धाडला कुणास ठाऊक. आम्ही गेलो तर दोघं भाऊ दोन टोकांनी तोच बांध फोडत होते!

मी म्हटलं, "कोंडिबा, नंतर आम्ही पुन्हा घालून देऊ हं."

कोंडिबानं भावाकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. त्यो कुटं व्हता, त्ये आमी दोगंबी इसरलो!"

*

आणि मग तो दिवस. दोन बैलगाड्यांतून विमान वडिवळ्यात आणलं, पंख बसवले. उडवायचा परवाना कुणाकडेच नव्हता, म्हणून नुसतं जमिनीवर पळवायचं ठरलं. अप्पा रेल्वेचा जुना कोट घालून आत बसले. काकू डोक्यावर पदर घेऊन कडेच्या बांधावर. हमीदाभाभी ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होत्या.

बाबूभाईंनी विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवला. इंजिन फुरफुरलं, बंद पडलं, पुन्हा फुरफुरलं आणि एकदम गर्जायला लागलं. सगळीकडे धुळीचा लोट! विमान धसकटांवरून धडधडत सुटलं. मग मध्येच ती धडधड थांबली. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. मग धप्प! पुन्हा धडधड, आणि वावराच्या टोकाला विमान उभं राहिलं.

आम्ही धावत सुटलो. अप्पा आत तसेच बसलेले.

मला म्हणाले, "उडालं का रे?"

"म्हणजे? अप्पा, आत तुम्ही होता!"

"मी डोळे मिटले होते."

काकू म्हणाल्या, "मीही."

कोंडिबा म्हणाला, "धुरळा लय व्हता. मला तर काय दिसलं न्हाई."

मलाही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "खड्ड्यातून उसळलं असेल."

अप्पांनी मान खाली घातली.

तेवढ्यात बाबूभाई आले. एक गाल मातीनं भरलेला, दाढीत काड्या. पंखा फिरवून झाल्यावर ते बाजूला, धुरळ्याबाहेर जाऊन जमिनीवर आडवे पडले होते, गाल मातीला टेकवून.

"अप्पा," ते म्हणाले, "चाकांच्या खालून मला पलीकडची म्हैस दिसली. अख्खी. शिंगांसकट!"