पहिली टोपली

मागच्या खोलीतली टाइल तडकली तेव्हा तो आवाज मी ऐकला होता. रविवारची दुपार होती, मी ओट्याजवळ डाळ निवडत बसले होते. टक्! सुपारी फुटावी तसा आवाज. जाऊन पाहिलं तर बाबांच्या खुर्चीच्या पायाशी एका टाइलवरून केसासारखी रेघ गेली होती आणि बाबा त्या रेघेवरच पाऊल ठेवून पेपर वाचत होते.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. खाणीत सुरुंग लावून राह्यले. त्याचा हादरा."

रविवारी कसला सुरुंग, असं ओठांवर आलं होतं. पण बाबांशी वाद घालायचा म्हणजे आधी जेवून घ्यावं लागतं. जंगल खात्यात जन्म काढलेला माणूस. या जगात दोनच गोष्टी पक्क्या, एक सागवान आणि दुसरे ते स्वतः. आई गेल्यापासून तर ते जास्तच हेकट झाले. मी डाळीकडे परत गेले.

हे घर त्यांनीच बांधलं. नवरा गेल्यावर मी लहानग्या लेकीला घेऊन इथं आले, इथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लेकही इथंच वाढली. ती आता नागपूरला असते. पहिलं बाळंतपण म्हणून होळीनंतर माहेरी येणार होती आणि मागची खोलीच तिच्यासाठी सोयीची होती. पूर्वेची खिडकी, लागूनच संडास-बाथरूम, रस्त्याचा गोंगाट नाही. पलंग कुठं ठेवायचा, पाळणा कुठं टांगायचा, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

तेवढ्यात टाइल्सना काय झालं देव जाणे. एकीची रेघ दुसरीत गेली. तिसरीची कड उचलली, माझ्याच पायाला ठेच लागली. आठव्या महिन्यातली बाई, पोटामुळं पाय दिसत नाहीत, तिला ठेच लागली म्हणजे? मी बाबांना सांगून टाकलं की खोली रिकामी करा, मिस्त्री बोलावते.

"पोरीले समोरच्या खोलीत निजव," ते म्हणाले. "हे खोली माही आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या नातीला खांद्यावर बसवून गावभर फिरवलं तिला एक खोली देववत नाही? वर खुर्ची तर अशी रोवून बसले होते की झाडू मारतानाही उठत नव्हते. त्यांचा चहा तिथं, पेपर तिथं, दुपारची डुलकीही तिथंच. मी मोलकरणीला आत पाठवलं की तिला दारातूनच हाकलायचे. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, आजोबा से झगड़ा मत करना. मैं कहीं भी सो जाऊँगी." कहीं भी म्हणे! मी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री राजेगावकडचा. हात सफाईदार, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. आल्या आल्या त्यानं आपण कोणाकोणाच्या बंगल्यात काम केलं ते ऐकवलं, मग मोबाइलवर फोटो दाखवले, मग चहा मागितला. "दीदी, एक टाइल बदलना कोई काम नाही. पन आधी दुखणं कुठं आहे ते पाह्यलं पाहिजे." असं म्हणून तो उकिडवा बसला आणि हातोडीच्या दांड्यानं एकेक टाइल वाजवायला लागला.

भरीव टाइलचा आवाज बारीक येतो, टण्. खालचा मसाला सुटलेली असली की ढब. ढब आली की तो खडूनं फुली मारायचा. टण्, टण्, ढब, फुली. मी दारात उभी राहून पाहत होते. खोलीच्या कडेला सगळीकडे टण्, मधे आला की ढब. वाजवत वाजवत तो बाबांच्या खुर्चीला पूर्ण वळसा घालून आला, आणि कंबर धरून खडूच्या खुणांकडे पाहत उभा राहिला.

फुल्यांचा गोल झाला होता. अगदी ताट ठेवून आखावा तसा. त्या गोलात मधोमध बाबांची खुर्ची, आणि खुर्चीत बाबा.

"सीलन असेल, खालून ओल," मिस्त्री म्हणाला, पण त्याचा आवाज जरा उतरला होता. "सीलन अशी गोल नाही राहत तसं पाह्यलं तर."

"फुटली ते एक बदल," बाबा म्हणाले. "बाकीच्याले हात लावू नको. नाही तं घरी जाय."

"बाबा, उठा."

"नाही उठत."

"तिचा पाय अडकून ती पोटावर पडली तर तुम्ही येणार आहात का उचलायला? उठा म्हणते ना!"

मी खुर्चीचा हात धरून ओढला. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ते चिडलेले नव्हते. ते भ्यालेले होते. माझे बाबा, वाघाच्या गोष्टी हसत सांगणारे. मी ओढायची थांबले, तेव्हा ते आपणहून उठले, भिंतीला धरून दारापाशी गेले आणि चौकटीला टेकून उभे राहिले.

मिस्त्रीनं काम रीतसर सुरू केलं. आजूबाजूच्या चांगल्या टाइल्सच्या कडांना पट्टी चिकटवली. ग्राइंडरनं सांधे कापले, म्हणजे एकीचा धक्का दुसरीला बसत नाही. फुटक्या टाइलच्या मधोमध भोकं पाडली आणि छन्नी तिथून बाहेरच्या बाजूला चालवत गेला. कडेकडून ठोकलं तर शेजारची टवकते, हे तो मला समजावून सांगत होता. टाइलचे तुकडे निघाले. खाली मसाला होता, कोरडा, पापडासारखा सुटलेला. त्याखाली जुन्या काळ्या फाडीचा दगड लागला, आणि त्यालाही आरपार चीर होती. "इथं फाडी काहून टाकली?" असं म्हणत त्यानं चिरेत सब्बल, म्हणजे पहार, घातली आणि जरा दाबली.

फाडीचा एक टवका सुटून आत गेला. आवाज आला नाही. मिस्त्री माझ्याकडे पाहतोय, मी त्याच्याकडे. आणि मग खूप खालून, डुब्ब.

"भिंतीले लागून उभे राहा," बाबा म्हणाले. "मधात कोनी पाय ठेवू नका."

मिस्त्रीनं सब्बल तिथंच टाकली आणि बजरंगबलीचं नाव घेत सरळ अंगण गाठलं. मी भिंतीला चिकटून भोकापर्यंत गेले, मोबाइलचा उजेड आत धरला. ओल्या, शिळ्या हवेचा झोत तोंडावर आला. लाकडाचं एक टोक दिसलं, सागाचं, काळं पडलेलं, पावासारखं फुगलेलं. त्याच्या बाजूनं माझा उजेड खाली खाली गेला आणि तळाशी पाण्यात हलत राहिला. बरोबर याच जागेवर मी पलंग मांडणार होते.

"विहीर तं तुम्ही बुजवली होती ना?"

सगळ्या आळीला हेच माहीत होतं. नळ आले तेव्हा घरची विहीर बुजवली आणि त्यावर मागची खोली काढली. तेव्हा मी शिकायला बाहेर होते. बाबा तिथंच, चौकटीत, जमिनीवर बसले. मीही बसले. मग त्यांनी सांगितलं.

आमच्याकडे बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर निघते ती विहिरीवर. हळदकुंकू वाहते, बाळ विहिरीला दाखवते, एक घागर भरते, तेव्हा कुठं ती पुन्हा घरच्या कामाला लागते. आईनं मला याच विहिरीला दाखवलं होतं. आणि इकडे अशी समजूत की विहीर बुजवताना पहिली टोपली ज्याच्या हातची पडते, त्याला विहीर सोडत नाही, त्याचा जीव घेते. बाबा म्हणाले होते, मी टाकतो. आईनं त्यांचे पाय धरले. मग दोघांनी मधला मार्ग काढला. बुजवायची नाही, झाकायची. सागाच्या बल्ल्या, चांगले जाड वासे, आडवे टाकले, वर फाड्या, वर फर्श. लोकांना सांगायचं, बुजवली.

"साग होता व. मी म्हटलं, सागाले शंभर वर्ष काही होत नाही."

मला एकदम आठवलं. माझ्या बाळंतपणात विहीर नव्हती म्हणून आईनं नळाला हळदकुंकू वाहायला लावलं होतं. पण त्यानंतर ती मला या खोलीत घेऊन आली होती. मधोमध उभं केलं, लेक माझ्या हातात, आणि तिनं जमिनीवर तांब्याभर पाणी सोडलं. मी हसले होते तेव्हा. आई, फर्शीची काय पूजा करतेस!

"आणि हे खुर्ची?" मी विचारलं.

"चालताना आवाज बदलला होता. दोन महिने झाले असतील." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "मी बसून राह्यलो तं दुसरं कोनी तिथून जाणार नाही."

"आणि तुम्ही गेले असते खाली म्हणजे?"

"माहं काय आता."

"काय म्हणजे? सांगता येत नव्हतं? तोंड नव्हतं?" मी ओरडले, मग रडले, मग पुन्हा ओरडले.

"सांगितलं असतं तं तू बुजवाले लावली असती."

दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. लेकीला सांगितलं की रंगकाम काढलंय, थोडे दिवस समोरच्या खोलीत निघतील. मागच्या अंगणात मुरमाची ट्रॉली येऊन पडली. फाड्या दोर बांधून उचलल्या, कुजलेल्या बल्ल्या ओढून काढल्या, आणि भर दिवसा घराच्या पोटात ते काळं तोंड उघडं पडलं. मजूर टोपल्या भरून रांगेत उभे राहिले. पण कोणी पुढं होईना. एकजण तंबाखू मळायला लागला, दुसऱ्याला लघवीला लागली. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "दीदी, पहली टोकरी घरवाले की होती है. उसके बाद हम सब है ना."

बाबा आंघोळ करून तयारच होते. पांढरा सदरा, हातात हळदकुंकवाची कुयरी. विहिरीवर हळदकुंकू सोडलं, हात जोडले, ओठ हलले. आईशीच बोलले असतील. मग वाकून टोपली उचलायला लागले. उचलेना. पुन्हा वाकले. ऐंशी ओलांडलेलं शरीर, मानेच्या शिरा ताणलेल्या, पाय थेट काठाशी.

मी असल्या गोष्टी मानत नाही. शाळेत मुलांना तेच शिकवते, ग्रहण का लागतं, अंगात येतं म्हणजे काय होतं. शपथेवर सांगते, मानत नाही. पण त्या टोपलीला हात घालताना माझ्या छातीत नगारा वाजत होता.

"सरका," मी म्हटलं, त्यांच्या हातातून टोपली हिसकली आणि ओतली. मुरूम भिंतीला घासत गेला. खाली पाण्यानं तो गिळल्याचा आवाज आला.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं त्यांनी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"काहून केलं तू? तुले तं दाखवलं होतं या विहिरीले!"

"तुमचा तोल गेला असता. बसा तिकडे."

मजूर भराभर पुढं झाले. ट्रॉलीमागून ट्रॉली आली. मुरूम पडत होता, पाणी वर येत होतं, मुरूम पुन्हा खाली बसत होता. विहिरीचं पोट भरतच नव्हतं. दिवसभर बाबा अंगणात तोंड फिरवून बसले. जेवले नाहीत.

भराव पक्का बसायला पावसाळा जावा लागतो, म्हणून मिस्त्रीनं वर सळईची जाळी टाकून स्लॅब ओतवला, विहिरीच्या काठाच्या बराच बाहेरपर्यंत. तो मुरेपर्यंत पाणी मारलं. मग नव्या टाइल्स बसवल्या, रबरी हातोड्यानं ठोकून, लेव्हल लावून, सांधे भरून. जाताना त्यानं प्रत्येक टाइल वाजवून दाखवली. "सुनो दीदी. टण्. आहे का कुठं ढब?" नव्हती.

लेक आता त्याच खोलीत असते. तिला काही सांगितलेलं नाही. थंड लागतं म्हणून अनवाणी फिरते, टाइल्स मस्त आहेत म्हणते, पाळणा कधी टांगायचा विचारते. दिवस भरलेत तिचे. बाजूच्या एका सांध्यात ओल धरल्यासारखं काळं दिसतंय. मिस्त्री फोनवर म्हणाला, सुकेल. मी येता-जाता तिथं टाच आपटून पाहते. आवाज भरीव येतो. तरी पाहतेच.

बाबा समोरच्या खोलीत झोपतात. सकाळी उठले की काठी टेकत येतात. मला आधी वाटलं, नातीसाठी येतात, दिवस भरलेल्या पोरीची काळजी. पण ते तिच्या दाराकडे वळत नाहीत. स्वयंपाकघराच्या अलीकडे माझी खाट असते, तिथं थांबतात. माझे डोळे मिटलेले असले तर वाकून बघतात, श्वास चालतो की नाही. मी जागीच असते.

"उठली का व?" ते विचारतात.

"हौ बाबा, उठली," मी म्हणते, आणि मग ते दात घासायला जातात.