कुलूप लागलेले स्कॅन

नोकरीतली ती तक्रार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. दुष्काळाची वर्षं होती. शहर वेशीवरच्या पडेगावच्या पुढे पसरत होतं आणि नव्या इमारतींच्या दारात टँकरची वाट पाहिली जात होती. सायबर पोलीस ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता.

सकाळची हजेरी चालू असताना एका खाजगी रुग्णालयाच्या मॅनेजरचा फोन आला. रुग्णांचे स्कॅन ज्या सामायिक स्टोरेजवर ठेवले जात, तिथली एकही फाइल उघडत नव्हती. व्हायरसने सगळ्यांना कुलूप लावलं होतं. खुलताबादच्या एका बाईंची मेंदूची शस्त्रक्रिया त्यामुळे अडली होती.

"हे कोणी केलं तेही सांगतो," मॅनेजर म्हणाले. "आमचा ऑपरेटर. परवा भांडून गेला. जाताना म्हणाला, सगळं बंद पाडीन."

ऑपरेटरला फुलंब्रीजवळच्या त्याच्या गावातून चौकशीला आणलं. घरी मेंढरं होती. चाऱ्यासाठी कळप लांब न्यायचा म्हणून त्याने रजा मागितली, ती मिळाली नाही, त्यावरून भांडण झालेलं.

"धमकी दिली होतीस?"

"व्हय साहेब, रागात तोंडातून गेलं. पण भांडण मॅनेजरसंगं व्हतं. त्या बाईनं माझं काय केलंय? तिचा स्कॅन मीच काढला. लई घाबरली व्हती. हात धरून झोपवलं तिला."

खोटं बोलणारा सहसा धमकीच नाकारतो. याने ती कबूल केली आणि बाईची काळजी बोलून दाखवली. माझा संशय तिथेच ढिला पडला.

दुपारी आमच्या महिला उपनिरीक्षक रुग्णालयातून परतल्या. त्या म्हणाल्या, "सर, स्कॅन मशीनच्या संगणकावर अँटिव्हायरस टाकायला कंपनी परवानगी देत नाही. म्हणून स्टोरेजवरची प्रत्येक फाइल आधी दुसऱ्या एका संगणकाकडे तपासायला जाते. त्याने स्वच्छ म्हटलं तरच ती उघडते. तो संगणकच बंद आहे. आणि तो बंद असेल तर फाइल अडवू नका, सरळ सोडा, अशी सेटिंग कोणीतरी करून ठेवलीय. मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या लॅपटॉपवरून व्हायरस स्टोरेजवर आला, आणि त्याला कोणी अडवलंच नाही."

ती सेटिंग बदलायचा अधिकार फक्त संगणक विभागाच्या प्रमुखांना होता. त्यांना बोलावलं. "अँटिव्हायरस सगळीकडे चालू आहे," हेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि विचारलं, "तपासणीचा संगणक ठेवलेली खोली कशी आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मागची खोली आहे. एसी बिघडला म्हणून कूलर लावला होता. पाणी येईना, कूलर कोरडा. संगणक तापून बंद पडायचा, फाइली अडकायच्या. डॉक्टर अंगावर यायचे, पेशंट टेबलावर आहे म्हणून. म्हटलं, पाण्याची सोय होईपर्यंत फाइली न तपासताच सोडून देऊ."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"मॅनेजरांनी ऑपरेटरचं नाव घेतलं होतं. मी गप्प बसलो."

बाईंचा स्कॅन पुन्हा काढला गेला, शस्त्रक्रिया पार पडली. बऱ्याच फाइली वेगळ्या ठेवलेल्या प्रतींमधून परत मिळाल्या, काही कायमच्या गेल्या. व्हायरस पाठवणारा सापडला नाही. गुन्हा खरा, पण आरोपी अज्ञात, असा अहवाल देऊन तपास बंद करावा लागला.

ऑपरेटरला जायला सांगितलं, तर तो जागचा हलेना. "पोलीस घरी आलेलं साऱ्या गावानं बघितलंय साहेब. मी काय सांगू तिथं?" मी वर्दीतच त्याच्याबरोबर गावात गेलो आणि पारावर बसलेल्यांना सांगितलं, "याने काहीही केलेलं नाही." त्याची आई दारातून ऐकत होती. ती पदराने डोळे पुसून आत गेली.

गुन्हा करणारा कुठेतरी दूर बसलेला असतो. त्याला वाट मिळते ती काम अडू नये म्हणून पहारा उठवणाऱ्या एखाद्या भल्या माणसामुळे. वरचे रागावतील या भीतीने तो माणूस गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याने तिसराच कोणीतरी भरडला जातो. त्यानंतर ठाण्यातला कोणी "साहेब, एक चूक झाली" म्हणत आला, की मी आधी त्याला खुर्ची द्यायचो.