सुप्रभाताईंची बर्फाची चाकं

जपानमधल्या नागाओकात मराठी घरं मोजून सहा. त्यांत कुणाचं कुणाशी बिनसलंय ते मला विचारा; पण सुप्रभाताईंबद्दल सहाही घरांचं एकमत आहे. मूळच्या नाशिकच्या, वय बावन्न, इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतात. पोळी आजतागायत गोल जमलेली नाही, हे मी सांगितलं म्हणू नका. पण नोव्हेंबरात उन्हाळी चाकं उतरवून बर्फाची चढवायची वेळ आली, की सगळ्यांच्या गाड्या ताईंच्याच बिल्डिंगखाली.

गेल्या मोसमात नीलकंठ आला. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, इथला पहिलाच हिवाळा. बायको अनघाला नववा महिना. हॉस्पिटल टेकडीपलीकडे, आणि दोन दिवसांत बर्फ पडणार असं भाकीत. पठ्ठ्यानं ऑनलाइन लिलावात जुनी चाकं उचलली होती.

“ताई, रिम मोजली, बोल्टची भोकं मोजली. हा बघा एक्सेलमध्ये चार्ट.”

“चार्ट गोंडस आहे रे. ऑफसेट कुठाय?”

“तो? पंधरा मिलिमीटरचाच फरक. चालेल ना?”

चाकाची मधली रेषा आणि चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो बदलला की चाक बाहेर येतं, नाहीतर आत सरकतं. बाहेर आलेलं डोळ्यांना दिसतं. आत गेलेलं कुणाला कळणार?

ताई घरातून कणकेचा गोळा घेऊन आल्या. चाकामागच्या सस्पेन्शनच्या नळकांड्यावर तो थापला, चाक बसवलं, जॅक खाली घेतला.

“फिरव स्टिअरिंग. पार डावीकडे. आता पार उजवीकडे.”

चाक काढून बघतात तो कणीक टायरला फासलेली आणि नळकांड्याचा पत्रा उघडा.

“घासतोय. वळणावर टायर फाटेल.”

नीलकंठचा चेहरा उतरला. “मध्ये एखादी चकती घातली तर?”

“मग नट अर्धाच बसेल. अर्ध्या नटावर अनघाला टेकडीवरून नेणार आहेस?”

दुकानांना फोन झाले. सगळीकडे तीन आठवड्यांची रांग.

ताईंची गाडी त्याच मॉडेलची, बर्फाची चाकं चढवून शेजारीच उभी. ताई तिलाच जॅक लावायला लागल्या.

“अहो ताई! तुम्ही लॅबला कशा जाणार?”

“बस आहे की. बडबड नको, नट धर.”

बसचा थांबा दोन किलोमीटरवर, आणि एकोणीस वर्षांत लॅबला एकदाही उशीर न झालेली ही बाई!

बर्फ दुसऱ्याच दिवशी आला, पोटरीभर. दुपारी अनघाला कळा सुरू झाल्या. वीस मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला, पण गाडी तसूभर घसरली नाही. संध्याकाळी मुलगी झाली.

त्याच दुपारी ताई मीटिंगला चाळीस मिनिटं उशिरा पोहोचल्या, छत्रीसकट पांढऱ्याफटक. वाकून वाकून माफी मागितली.

“सुप्रभा-सान, गाडी कुठाय?” प्रोफेसरांनी काळजीनं विचारलं.

ताई अस्खलित जपानीत म्हणाल्या, “गाडी घरीच आहे. चाकं बाळंतपणाला गेलीत.”