भासऱ्यासमोरचा पदर

धाकट्या भावाला जीवे मारण्याची धमकी दिल्याचा खटला माझ्यावर वर्ध्याला चालला आणि मी निर्दोष सुटलो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कसा सुटलो, ते आज लिहून ठेवतो.

भांडण सामाईक विहिरीच्या पाण्याचं होतं. पाळी माझ्या वांग्यांची असताना भावाने पाणी आपल्या वावरात वळवलं. मी विळा घेऊन त्याच्या अंगणात गेलो. "पुन्हा मोटारीले हात लावला तर इथंच कापतो तुले," म्हणालो. पाहणारी एकटी त्याची बायको होती.

आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, पदर ओढून तोंड फिरवते. हे वकिलाला मीच सांगितलं. त्याने कोर्टात तिला विचारलं, "यांच्याकडे कधी मान वर करून पाहिलं तुम्ही?"

"नाई," ती म्हणाली. मला मान देत आली, त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

"मग हातातला विळा कसा दिसला?"

तिने पदर आणखी पुढे ओढला. तेव्हापासून गाव तिला खोटारडी म्हणतं.

निकालानंतर कोर्टाच्या पायरीवर ती समोर आली. पदर खांद्यावरच होता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "आता चांगलं दिसते मले, भाऊजी. सांगजा तुमच्या वकिलाले."

तिला तेव्हाही नीट दिसलं होतं. विळा मी उगारला होता.