पिकेच्या वाटेवर आई

आई परळच्या एका शाळेत शिपाई होती. निवृत्त झाल्यावर तिला काय हवंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "माका हिमालय दाखव." मी सुट्टीत सह्याद्रीतले किल्ले चढते, तेवढ्यावर तिचा भरवसा. मग डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिचा सराव सुरू झाला. पायात नवे बूट, साडी खोचलेली, आणि जिन्यावरून वर-खाली. शेजारच्या काकू हसायच्या, "काय गो, एव्हरेस्टवर चाललीस?"

एव्हरेस्टवर नाही, पण ते जिथून दिसतं तिथे. नेपाळमधल्या पिके नावाच्या डोंगराची वाट शेर्पांच्या गावांतून जाते आणि तिथे गर्दी नसते, म्हणून मी ती निवडली. लाल गुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं फुलली होती. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती लागायच्या. त्या उजव्या हाताला ठेवून जायचं, असं आमच्या शेर्पा वाटाड्याने सांगितलं, तर आई प्रत्येक भिंतीला नमस्कार करूनच पुढे सरकायची. तो तिला 'आमा' म्हणायचा, म्हणजे आई.

चढावरच्या शेवटच्या गावात तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. तिला बरं वाटलं, पण वाटाड्याने मान हलवली. "आमा और ऊपर नहीं जाएगी."

मी सामान बांधायला घेतलं. "चल, आपण खाली उतरू."

"माझा डोक्या दुखला म्हणून तू कित्याक परत फिरतंस?" आई चिडली. "इतक्या लांब इलंव. तू जा गो. मी हयसरच रवतंय."

आम्ही मुक्कामाला होतो त्या घराची मालकीण चुलीपाशी बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, पण भांडण कशावरून आहे ते तिला कळलं असावं. तिने आईचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि मला वर जायची खूण केली.

मी गेले. वरच्या मुक्कामात नीट झोप लागली नाही. पहाटे माथ्यावर पोचले तेव्हा वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. मग ऊन आलं आणि समोर बर्फाच्या शिखरांची रांगच्या रांग उजळली. त्यातलं एव्हरेस्ट कुठलं, ते वाटाड्याने बोट दाखवल्यावर कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मोबाइलला रेंज शोधत होते.

व्हिडिओ कॉल लागला. पडद्यावर धूर, धुरात आई.

"आई, बघ! ते काळं टोक दिसतंय ना, ते!"

"बघलंय, बघलंय. थंडी आसा मा? कान बांध." मग ती मागे वळली, "अगो, करपता ता!" आणि कॉल कट.

दुपारी परतले तर दोघी बटाटे सोलत होत्या. आईने पिशवीतला मालवणी मसाला काढून भाजी केली होती. मालकिणीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी ती वाटी पुढे करत होती. एक मराठीत बोलत होती, दुसरी शेर्पा भाषेत, आणि दोघींचं हसणं काही थांबत नव्हतं.

निघताना मालकिणीने तिथल्या निरोपाच्या रीतीने आईच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला. आईने वाकून तिचे हात कपाळाला लावले. जीपपर्यंतच्या उतरणीवर ती सारखी मागे वळून बघत होती. मला वाटलं, माथा हुकल्याचं दुःख असेल. मी म्हटलं, "पुढच्या वेळी आणखी सावकाश चढू. नक्की पोचशील."

"ता न्हय गो," ती म्हणाली. "सकाळी मी भांडी घासूक उठलंय, तर तिना हातातला काढून घेतल्यान, पाठीर घोंगडी घातल्यान आणि चाय दिल्यान. माका आजपर्यंत कोणी असा बसवून हातात काय दिला नव्हता."

जीप सुरू झाली, वळणावर आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. काठमांडू येईपर्यंत मी तिला उठवलं नाही.